ओटीपी बरोबर, नाव बरोबर, तरी फॉर्म का अडतो? समजून घ्या 'फोकस' आणि 'सिलेक्शन'चा घोळ

सरकारी फॉर्म ऑनलाइन भरताना हा अनुभव तुम्हालाही आला असेल. आधार क्रमांक टाकला, ओटीपी आला, तो जसाच्या तसा भरला. तरी पानावर लाल अक्षरांत 'कृपया ओटीपी टाका'. पीडीएफमधून नाव कॉपी करून टाकलं, तरी 'नाव जुळत नाही'. शेजारच्या कॉम्प्युटरवर मात्र तोच फॉर्म, तीच माहिती आणि दोन मिनिटांत काम फत्ते.

अशा वेळी ठरलेली उत्तरं मिळतात. 'सर्व्हर डाऊन आहे', 'नेट स्लो आहे', नाहीतर 'ताई, तुम्ही नीट टाकलं नाही.' पहिली दोन कारणं अनेकदा खरी असतात. तिसरं मात्र बऱ्याचदा खरं नसतं. माणसाने नीटच टाकलेलं असतं, पण ते जिथे पडायला हवं तिथे पडलेलं नसतं.

याचं कारण दोन साध्या गोष्टींत आहे. स्क्रीनवर टाइप केलेलं कुठे जाणार, हे ठरवणारा 'फोकस' आणि निवडलेल्या मजकुरात नेमकं काय काय येणार, हे ठरवणारं 'सिलेक्शन'. विंडोज, अँड्रॉइड, आयफोन, मॅक आणि लिनक्स या प्रत्येकाचे या दोन गोष्टींचे नियम थोडे थोडे वेगळे आहेत. प्रोग्रामर सहसा एका मशीनवर तपासणी करतो. फॉर्म भरणारे लोक मात्र पन्नास प्रकारच्या मशीनवर असतात.

वाशिममध्ये हा विषय महत्त्वाचा का?

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा सहा तालुक्यांचा आहे: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. सोयाबीन आणि तूर ही इथली मुख्य खरीप पिकं. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला. त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते: नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचं उस्मानाबाद आणि वाशिम.

५ ऑक्टोबर २०२४ ला याच जिल्ह्यातल्या पोहरादेवीच्या कार्यक्रमातून पंतप्रधानांनी पीएम-किसान योजनेचा १८ वा हप्ता सोडला. सुमारे ९.४ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यात सुमारे २० हजार कोटी रुपये गेले. त्या क्षणी दिल्लीची तिजोरी आणि मानोऱ्याच्या शेतकऱ्याचं खातं यांच्यात कुणी मध्यस्थ उरला नव्हता, असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात एक मध्यस्थ होता आणि आजही आहे. तो म्हणजे ई-केवायसीचा रकाना.

त्यानंतर हे रकाने वाढतच गेले. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये 'माझी लाडकी बहीण' योजनेच्या लाभार्थी महिलांना ई-केवायसी करायला सांगितलं गेलं. त्यात महिलेच्या आधारचा एक ओटीपी आणि पती किंवा वडिलांच्या आधारचा दुसरा ओटीपी लागतो. म्हणजे दोन आधार, बरेचदा दोन मोबाईल आणि दोन ठिकाणी थांबलेला कर्सर. महिन्याला १,५०० रुपये त्यावर अवलंबून.

आता एका गावातली साधनं पाहा. सेतू केंद्रावर जुना विंडोज कॉम्प्युटर. घरात कमी मेमरीचा अँड्रॉइड फोन. दिवाळीला पुण्याहून आलेल्या मुलाच्या हातात आयफोन. फॉर्म एकच, पण तिन्हीकडे नियम वेगळे.

'फोकस' म्हणजे नेमकं काय?

एका पानावर वीस रकाने असतील, पण कीबोर्ड एकच आहे. मग दाबलेलं अक्षर कुठल्या रकान्यात जाणार? ज्या रकान्यात कर्सर लुकलुकतोय, त्यात. यालाच फोकस म्हणतात. शाळेत 'उभं राहून बोल' म्हटलं की वर्गात एकच जण बोलतो, तसं.

हे सोपं वाटतं. घोळ सुरू होतो तो फोकस एका रकान्यातून दुसऱ्यात जाताना. काही उदाहरणं पाहू.

आयफोनवर तुम्ही स्वतः स्क्रीनला हात लावल्याशिवाय वेबपानाला कीबोर्ड उघडता येत नाही. अॅपलने हे मुद्दाम केलं आहे, कारण पान उघडताच कीबोर्ड उसळून वर येणं त्रासाचं असतं. पण कॉम्प्युटरवर तपासणी करणाऱ्या प्रोग्रामरने 'ओटीपी आला की कर्सर आपोआप त्या रकान्यात जाईल' अशी सोय केली असेल, तर ती आयफोनवर अर्धवट चालते. रकाना तयार दिसतो, पण कीबोर्ड येत नाही. माणूस वाट बघत राहतो.

आयफोनच्या सफारीत रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील, तर रकान्याला हात लावताच पान आपोआप मोठं होतं. मग 'सबमिट'चं बटण उजवीकडे स्क्रीनच्या बाहेर जातं आणि 'बटणच नाहीये' अशी तक्रार येते.

अँड्रॉइडवर २०२२ च्या अखेरीस क्रोम ब्राउझरने एक बदल केला. आधी कीबोर्ड वर आला की पानाची उंची कमी व्हायची आणि खाली चिकटवलेलं बटण कीबोर्डच्या वर सरकायचं. आता कीबोर्ड पानावर झाकणासारखा येतो. त्या बदलाप्रमाणे सुधारणा न केलेल्या जुन्या फॉर्ममध्ये बटण कीबोर्डखाली दडून राहतं.

मॅकवर सफारीमध्ये बटणावर क्लिक केलं, तरी फोकस त्या बटणावर जात नाही. विंडोजवर जातो. 'बटणावर फोकस आला की अमुक कर' असं लिहिलेला प्रोग्राम म्हणूनच एकीकडे चालतो आणि दुसरीकडे नुसता बसून राहतो.

आकडे न सांगता बदलतात तेव्हा

फोकसचा सगळ्यात घातक प्रकार आकड्यांच्या रकान्यात दिसतो. समजा, क्षेत्राच्या रकान्यात ऑपरेटरने १.२० टाकलं. कर्सर अजून तिथेच आहे. खालचा भाग बघायला त्याने माऊसचं चाक फिरवलं. काही ब्राउझरमध्ये माऊसचा बाण त्या रकान्यावर असेल, तर पान सरकण्याऐवजी आकडाच वरखाली होतो. आवाज नाही, सूचना नाही. शेतकऱ्याला ते कळतं पावती हातात आल्यावर, आणि कधीकधी तेव्हाही नाही.

दुसरा प्रकार आधीच '०.००' भरून ठेवलेल्या रकान्याचा. अशा रकान्याला हात लावला की काही ठिकाणी आतला सगळा मजकूर आपोआप निवडला जातो आणि नवं टाइप केलेलं त्याची जागा घेतं. काही ठिकाणी कर्सर नुसता शेवटी जाऊन थांबतो. मग १.२० टाकल्यावर रकान्यात '०.००१.२०' असं काहीतरी तयार होतं.

इथे प्रोग्रामरची एक जुनी डोकेदुखी आहे. रकान्यावर क्लिक म्हणजे प्रत्यक्षात तीन घटना: माऊसचं बटण दाबलं, फोकस आला, बटण सोडलं. फोकस येताच सगळा मजकूर निवडायचा असं लिहिलं, तर काही ब्राउझर बटण सोडताना ती निवड पुसून टाकायचे. त्यामुळे एकच कोड टॅबने आलं तर चालायचा आणि माऊसने आलं तर फसायचा.

ओटीपीचे सहा खण

ओटीपीसाठी सहा वेगवेगळे छोटे खण ठेवायची पद्धत सध्या लोकप्रिय आहे. दिसायला छान, पण आतून कटकटीची.

सहा खण म्हणजे सहा रकाने. एकात आकडा पडला की फोकस पुढच्यात गेला पाहिजे. मागचं पुसलं की फोकस मागे यायला हवा. २०१८ पासून आयफोन एसएमएसमधला ओटीपी कीबोर्डच्या वर सुचवतो आणि एका टॅपमध्ये भरतो. अँड्रॉइडवरही तशी सोय आहे. पण प्रोग्रामरने तो प्रसंग लक्षात घेतला नसेल, तर सहाच्या सहा आकडे पहिल्या खणावर येऊन आदळतात. तो खण एकच ठेवून घेतो आणि उरलेले पाच हवेत जातात. 'कृपया ओटीपी टाका' हा संदेश अशा वेळी खरंच बरोबर असतो. ओटीपी तिथे नसतोच.

मग माणूस ओटीपी वाचायला मेसेजच्या अॅपमध्ये जातो. तेवढ्यात ब्राउझरचा फोकस गेला. काही फॉर्म फोकस गेला की लगेच तपासणी करतात आणि रिकामा रकाना लाल करतात. फोनची मेमरी कमी असेल, तर अँड्रॉइड मागचं पान बंदही करून टाकतो. परत आल्यावर पान पुन्हा पहिल्यापासून उघडतं आणि आधार क्रमांक पुन्हा टाकावा लागतो. आधारचा ओटीपी साधारण १० मिनिटं चालतो. दोन ओटीपी लागणाऱ्या कामात, त्यातला एक मोबाईल शेतात गेलेल्या नवऱ्याच्या खिशात असेल, तर ही १० मिनिटं फार लवकर संपतात.

एका स्पेसची किंमत

आता सिलेक्शनकडे वळू. शब्दावर दोनदा क्लिक केलं की शब्द निवडला जातो, हे आपल्याला माहीत असतं. पण कुठपर्यंत? विंडोजवर बरेच प्रोग्राम शब्दाच्या पुढची रिकामी जागासुद्धा सोबत निवडतात. मॅकवर फक्त शब्द निवडला जातो. ही रिकामी जागा डोळ्याला दिसत नाही, पण कॉपी होते.

बँकेचा आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो. पुढे एक स्पेस चिकटली की तो १२ अक्षरांचा होतो आणि फॉर्म म्हणतो 'चुकीचा कोड'. स्पेस आधी चिकटली आणि रकान्याची मर्यादा ११ ची असेल, तर त्याहून वाईट. स्पेस आत येते आणि कोडचं शेवटचं अक्षर बाहेर पडतं.

आधार कार्डावर क्रमांक चार-चार आकड्यांच्या गटात छापलेला असतो: '१२३४ ५६७८ ९०१२' असा. आकडे १२, पण दोन स्पेस धरून जागा १४. १२ ची मर्यादा असलेल्या रकान्यात हा क्रमांक पेस्ट केला की '१२३४ ५६७८ ९०' एवढंच शिल्लक राहतं. पेस्ट करणाऱ्याला वाटतं सगळं आलं.

यावर काही वेबसाइट्सनी भलताच उपाय काढला: पेस्ट करायलाच बंदी. खाते क्रमांक हातानेच टाका. त्यामागे चुका टाळण्याचा हेतू असतो, पण लांबलचक क्रमांक हाताने टाकताना चुका वाढण्याचीच भीती असते. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०१७ मध्येच लोकांना पासवर्ड पेस्ट करू द्या, असं सांगितलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या २.२ या आवृत्तीचा रोखही तोच आहे. लॉगिन करताना आकडे लक्षात ठेवायला किंवा पुन्हा टाइप करायला माणसाला भाग पाडू नका.

काही ठिकाणी तर 'मजकूर निवडता येऊ नये' अशी एक ओळ अख्ख्या पानाला लावली जाते. सफारीमध्ये तिचा उलटा परिणाम होऊ शकतो. लिहिण्याच्या रकान्यालाही ती लागू झाली, तर तिथे टाइपच करता येत नाही. कॉपी थांबवायला गेले आणि फॉर्मच थांबला, असा प्रकार.

मराठीत हा घोळ जास्त का?

इंग्रजीत एक अक्षर म्हणजे बहुतेक वेळा एकच चिन्ह. मराठीत तसं नाही. 'वाशिम' हा शब्द आपण तीन अक्षरांचा मानतो. कॉम्प्युटरसाठी ती पाच चिन्हं आहेत: व, काना, श, वेलांटी आणि म. शिवाय वेलांटी दिसते 'श'च्या आधी, पण साठवली जाते 'श'च्या नंतर. मग कर्सर 'शि'च्या मध्ये थांबू शकतो का? निवडताना नुसती वेलांटी निवडता येते का? याची उत्तरं वेगवेगळ्या प्रणालींनी वेगवेगळी दिली.

एक प्रयोग करून बघा. बहुतेक ठिकाणी 'शि'च्या पुढे कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबलं, तर फक्त वेलांटी जाते आणि 'श' राहतो. पण कॉम्प्युटरवर 'शि'च्या आधी कर्सर ठेवून डिलीट दाबलं, तर अख्खं 'शि' जातं. एकच अक्षर, दोन बाजूंनी दोन नियम.

जोडाक्षरांत गंमत वाढते. सातबाऱ्यावरचा 'क्षेत्र' हा शब्द घ्या. आपल्यासाठी दोन अक्षरं: क्षे आणि त्र. कॉम्प्युटरच्या साठवणीत सात चिन्हं. आणि कर्सरच्या दृष्टीने? जगभरच्या लिप्यांचे संगणकीय नियम ठरवणाऱ्या युनिकोडच्या जुन्या नियमाप्रमाणे चार तुकडे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ मध्ये नियम सुधारला आणि देवनागरीचं जोडाक्षर एकसंध मानलं जाऊ लागलं. म्हणजे नव्या प्रणालीत कर्सर 'क्षे' एका उडीत ओलांडेल, तर जुन्या फोनवर तो 'क्'पाशी अडखळेल.

याचा थेट परिणाम रकान्याच्या लांबीवर होतो. वेबफॉर्ममध्ये '२० अक्षरांची मर्यादा' असं लिहिलं की ब्राउझर ती चिन्हं मोजतो, आपली अक्षरं नाही. 'मंगरूळपीर' हा सहा अक्षरांचा शब्द तिथे नऊ धरला जातो. इंग्रजी नाव डोळ्यापुढे ठेवून मर्यादा ठरवली, तर मराठी नाव आणि आडनाव मध्येच कापलं जातं. कधी मात्रा जाते, कधी जोडाक्षराचा अर्धा भाग.

मोबाईलवर मराठी टाइप करताना आणखी एक गोष्ट घडते. आपण 'vashim' लिहितो आणि कीबोर्ड 'वाशिम' सुचवतो. शब्द पक्का होईपर्यंत तो अधोरेखित दिसतो. म्हणजे तो अजून शिजतोय. तेवढ्यात वेबपानाने मध्ये हात घालून स्पेस काढली किंवा 'चालणारं चिन्ह आहे का' हे तपासून रकाना पुन्हा भरला, तर शब्द दोनदा उमटतो किंवा गायब होतो. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर तपासणी केलेल्या प्रोग्रामरला हे कधी दिसतच नाही. तिथे प्रत्येक कळ वेगळी पोहोचते, मोबाईलवर शब्दाचा लगदा पोहोचतो.

'शेतकऱ्यांना' लिहायचे दोन मार्ग

सगळ्यात मोठा पेच नेमका त्याच शब्दात आहे, जो या सगळ्या योजनांच्या मथळ्यात असतो. 'शेतकऱ्यांना' मधला 'ऱ्या' बघा. हा मराठीचा खास र आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना म्हणजे गुरूंना आणि आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक्यांना. हा फरक मराठीला लागतो, हिंदीला लागत नाही.

कॉम्प्युटरवर तो लिहायचे दोन मार्ग रूढ आहेत. पहिला, 'ऱ' हे वेगळं चिन्ह घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरा, साधा 'र' घेऊन त्याचा पाय मोडायचा आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवायचं. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पण पहिल्या मार्गाने 'शेतकऱ्यांना' ११ चिन्हांचा होतो आणि दुसऱ्या मार्गाने १२ चिन्हांचा. मशीनसाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. एकाने शोधलं तर दुसरा सापडत नाही.

सिलेक्शन इथे घात करतं. कॉपी-पेस्ट करताना किंवा 'नको ती चिन्हं काढून टाका' अशा सफाईत ते अदृश्य चिन्ह गळून पडतं आणि 'ऱ्या'चा 'र्या' होतो. सरकारी पत्रकांत आणि व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डमध्ये 'शेतकर्यांना' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेलच. दर वेळी ती टाइप करणाऱ्याची चूक नसते.

आता आडनावांचा विचार करा. 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह' असलेली, ऱ्हस्व-दीर्घ दोन्हींत लिहिली जाणारी आडनावं आपल्याकडे कमी नाहीत. खुद्द जिल्ह्याचं नाव 'वाशिम' आणि 'वाशीम' असं दोन्ही प्रकारे छापलं जातं. आधारवरचं नाव आणि जमिनीच्या नोंदीतलं नाव मशीनने ताडून पाहायचं असेल, तर आधी हे सगळे प्रकार एका साच्यात आणावे लागतात. युनिकोडची नेहमीची प्रमाणीकरणाची पद्धत वापरूनही वरचे दोन 'ऱ्या' एक होत नाहीत. त्यासाठी मराठी जाणणाऱ्या माणसाने वेगळा नियम लिहावा लागतो.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. दोनच दिवसांनी पोहरादेवीचा कार्यक्रम झाला. भाषेचा मान मंचावर वाढला, हे चांगलंच. पण शेतकऱ्याचं नाव रकान्यात अखंड राहतं का, हीसुद्धा त्या मानाचीच परीक्षा आहे.

मुळात नियम वेगळे का?

कारण प्रत्येक प्रणाली वेगळ्या काळात, वेगळ्या लोकांनी, वेगळा माणूस डोळ्यापुढे ठेवून बनवली. निवडा, कापा, चिकटवा ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी घडवली. पुढे अॅपलच्या १९८३ च्या लिसा आणि १९८४ च्या मॅकिंटॉशने ती घराघरांत नेली.

त्याच १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीने, जी पुढे लिनक्सवर आली, वेगळा मार्ग धरला. तिथे मजकूर नुसता निवडला तरी तो कॉपी होतो आणि माऊसच्या मधल्या बटणाने चिकटतो. सोय मोठी, पण तिचा तोटाही तसाच. एखाद्या रकान्यात जाताच आतला मजकूर आपोआप निवडला गेला, तर तुम्ही आधी निवडलेला मजकूर हातचा जाऊ शकतो.

आयफोन २००७ मध्ये आला तेव्हा त्यात कॉपी-पेस्ट नव्हतंच. ते २००९ मध्ये आलं. बोटाने मजकूर निवडायचा म्हणजे माऊसचे नियम चालणार नव्हते. सगळं नव्याने ठरवावं लागलं. या सगळ्यांत देवनागरी नंतर आली. पाया इंग्रजीचा होता, त्यावर आपली लिपी बसवली गेली.

न दिसणारं नुकसान

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही किंवा नाकारली, तर अपील करता येतं. पण मुदत मोजली जाते अर्ज दाखल झाल्यापासून. ओटीपीच्या खणात अडकलेला अर्ज दाखलच होत नाही. घड्याळ सुरूच होत नाही, नकार मिळत नाही, म्हणून अपीलही नाही.

नाकारलेल्या अर्जाची नोंद असते, अडलेल्या अर्जाची नसते. कागदोपत्री ती व्यक्ती म्हणजे 'ई-केवायसी न केलेली लाभार्थी' ठरते. प्रयत्न करून थकलेली बाई आणि प्रयत्नच न केलेली बाई यादीत एकसारख्याच दिसतात. या विषयातला खरा प्रश्न हाच आहे.

३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिबाधित व्यक्तींना डिजिटल केवायसीत येणाऱ्या अडचणींचं ते प्रकरण होतं. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. सरकारी वेबसाइटसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. फोकस कुठे आहे हे स्पष्ट दिसावं, कीबोर्डनेही सगळं करता यावं, हे त्यात येतं. नियम आहेत. प्रश्न आहे तो फॉर्म लोकांसमोर येण्याआधी स्वस्त अँड्रॉइडवर, जुन्या विंडोजवर आणि मराठी कीबोर्डने तपासला जातो का, याचा.

हे काम फार खर्चिक नाही. ओटीपीला सहा खणांऐवजी एक रकाना ठेवता येतो. पेस्ट केलेल्या मजकुरातल्या स्पेस मशीनने स्वतः काढायच्या. मर्यादा मराठी नावं धरून ठरवायची. 'ऱ्या'चे दोन्ही प्रकार एक मानायचे. आणि किती लोक कुठल्या रकान्यापाशी थांबून परत गेले, याचा आकडा विभागाने जाहीर करायचा. तो आकडा आला की 'ताई, तुम्ही नीट टाकलं नाही' हे उत्तर पुरणार नाही.

तोवर तुम्ही काय करू शकता?

• आधार आणि खाते क्रमांक स्पेसशिवाय, इंग्रजी अंकांत टाका. पेस्ट केलं असेल तर सुरुवात, शेवट आणि एकूण आकडे मोजून पाहा.

• मराठी नाव पीडीएफ किंवा व्हॉट्सअॅपमधून कॉपी करण्यापेक्षा रकान्यातच टाइप करा. सुचवलेला शब्द निवडून एकदा स्पेस द्या, मग ती स्पेस पुसा. शब्द पक्का होतो.

• ओटीपी वाचायला ब्राउझर सोडू नका. स्क्रीन वरून खाली ओढा आणि नोटिफिकेशनमध्येच आकडे वाचा.

• 'सबमिट' दाबण्याआधी मोबाईलचा कीबोर्ड बंद करा. कीबोर्ड खाली जाताना पान हलतं आणि पहिला टॅप चुकू शकतो.

• कॉम्प्युटरवर आकडा टाकल्यावर, माऊसचं चाक फिरवण्याआधी पानावर रिकाम्या जागी एकदा क्लिक करा. सेतू केंद्रावर असाल तर अंतिम सबमिटआधी क्षेत्र आणि खाते क्रमांक स्वतः वाचा.

• फॉर्म अडला तर दुसऱ्या ब्राउझरवर किंवा दुसऱ्या फोनवर करून पाहा. तिथे चालला, तर दोष तुमच्या माहितीत नाही.

• अडलेल्या पानाचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, पण त्यातला आधार क्रमांक आणि ओटीपी झाका. फोन आणि ब्राउझरचं नाव लिहून 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार करा. प्रयत्न केल्याचा पुरावा तेवढाच असतो.

• 'मी भरून देतो, ओटीपी सांगा' असं फोनवर म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला ओटीपी देऊ नका. फॉर्म पुन्हा भरता येतो, खात्यातून गेलेले पैसे परत मिळवणं अवघड असतं.